त्या बारक्या आकड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?



परवा शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत माझा लॅपटॉप उघडा राहिला आणि माझं बिंग फुटलं. शेजारच्या टीममधला एक मित्र चहा घेऊन मागे उभा होता. स्क्रीनवर कंसच कंस. "हे काय रे? लिस्प? आपल्या प्रोजेक्टमध्ये?" मी म्हटलं, प्रोजेक्टचं नाहीये, घरचं आहे. गिटारच्या नोटेशनवर डाव्या हाताच्या बोटांचे आकडे छापायचे आहेत, त्यासाठी फंक्शन लिहितोय.

तो हसला. "एवढंच ना? अरे यार, टेक्स्ट बॉक्स टाकायचा, आकडा लिहायचा, माऊसने ओढून नोटच्या डोक्यावर ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. तुला ना, साध्या गोष्टीत इंजिनिअरिंग करायची खोडच आहे."

दोन मिनिटांचं काम! हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. या वीकएंडचा सगळा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. ज्यांना गिटारशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचावा, कारण शेवटी प्रश्न आपल्या धंद्याचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टाफ नोटेशन, म्हणजे ती पाच रेघांवरची पाश्चात्त्य पद्धत, कोणता सूर किती वेळ वाजवायचा ते सांगते. कुठल्या बोटाने वाजवायचा ते सांगत नाही. त्यासाठी सुराच्या आजूबाजूला बारके आकडे लिहितात. गिटारमध्ये डाव्या हाताची तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. मोकळी तार म्हणजे शून्य. तारेचा नंबर गोलात. उजव्या हातासाठी पी, आय, एम, ए ही स्पॅनिश नावांची आद्याक्षरं. पियानोवाल्यांचा १ म्हणजे अंगठा, आणि व्हायोलिनवाल्यांचा १ म्हणजे तर्जनी. जुन्या इंग्लिश पियानोच्या पुस्तकांत तर अंगठ्याला अधिकचं चिन्ह आणि पुढच्या चार बोटांना १ ते ४. म्हणजे '२' एवढं लिहिलेलं दिसलं तर ते कुठलं बोट हे वाद्य आणि पुस्तक कळल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या आकड्याला टाईप आहे.

आता गिटारची खास भानगड. पहिली तार मोकळी छेडली की जो ई वाजतो, तोच ई दुसऱ्या तारेवर ५व्या फ्रेटला मिळतो, तिसऱ्या तारेवर ९व्या, चौथ्या तारेवर १४व्या आणि पाचव्या तारेवर १९व्या फ्रेटला. एकच सूर, पाच घरं! त्यातल्या चार घरांत चारपैकी कुठलंही बोट ठेवता येतं, म्हणजे १६, अधिक मोकळी तार, एकूण १७ पर्याय. असे आठ सूर ओळीने आले तर १७ चा आठवा घात, साधारण ७०० कोटी. (प्रत्येक सुराला पाच घरं नसतात, आणि यातले बहुतेक पर्याय हास्यास्पद असतात, हे मान्य. पण अंदाज आला ना?) या ७०० कोटींमधून एक रस्ता निवडायचा, आणि तो पुढच्या माणसाला सांगायचा. तेवढ्यासाठी ते बारके आकडे असतात.

हे मी एकटाच महत्त्वाचं मानतो असं समजू नका. कूपरँने १७१६ साली हार्पसिकॉर्डवर पुस्तक लिहिलं, त्यात बोटांची चर्चा आहे. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखचा प्रसिद्ध ग्रंथ १७५३ चा, त्याचं पहिलंच प्रकरण बोटांवर आहे. सेगोव्हियाने १९४५ साली फर्नांदो सोरच्या निवडक २० स्टडीज काढल्या त्या स्वतः लावलेल्या बोटांसकट, आणि पुढच्या पिढ्यांनी सोर वाजवला तो बराचसा सेगोव्हियाच्या बोटांनी. म्हणजे सूर सोरचे, हात सेगोव्हियाचा. आणि आमच्या मित्राचं म्हणणं, दोन मिनिटांचं काम.

असो. आता सरांबद्दल.

मी गेली सहा वर्षं पुण्यात कॅम्पात एका सरांकडे क्लासिकल गिटार शिकतो. सर मूळचे गोव्याचे. तरुणपणी मुंबईत स्टाफ नोटेशनच्या कॉप्या हाताने लिहायची कामं त्यांनी केली आहेत. (हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या अरेंजर मंडळींनी किती नोटेशन लिहिलं त्याचा हिशोब आता कुणाकडे असेल असं वाटत नाही. ते सगळं कागदावर होतं, आणि कागदाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.) आता सरांना संधिवात आहे. दोन वर्षांपासून ते वाजवून दाखवू शकत नाहीत. खुर्चीत बसून सांगतात, "तिसरं बोट नको रे. दुसरं ठेव, आणि तारेवरून उचलू नकोस, घसरव." आणि मग पेन्सिलीने कागदावर आकडा.

सरांकडे तीन फायली आहेत. जवळजवळ १४० पानं. सोर, कार्कासी, ताररेगा. तिघंही कॉपीराईटच्या पलीकडे गेलेले, शेवटचा ताररेगासुद्धा १९०९ साली वारला. या पानांवर सरांचे चाळीस वर्षांचे आकडे आहेत, आणि तेही तीन रंगांत. काळ्या पेन्सिलीने मोठ्या माणसांची बोटं. निळ्या पेन्सिलीने लहान हातांची. लाल पेन्सिलीने त्यांना स्वतःला अजून पटलेलं नाही असं काहीतरी. मुलांना मिळतात ती या पानांची झेरॉक्स. झेरॉक्समध्ये तिन्ही रंग करडे होतात! एका सुरावर तीन करडे आकडे, त्यातला आपला कुठला ते सरांना विचारायचं. सर आहेत तोवर ठीक आहे.

लहान हात म्हणजे काय, तेही आकड्यांत सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल भावनिक होतोय. नेहमीच्या गिटारची तार ६५० मिलिमीटर. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर येतं साधारण ९८ मिलिमीटर. तेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत ७७ ते ७८. म्हणजे तोच सूर वरच्या पोझिशनला घेतला तर हात दोन सेंटिमीटर कमी ताणावा लागतो. लहान मुलांची ५८० मिलिमीटरची गिटार घेतली तरी पहिल्या चार फ्रेटना ८७ मिलिमीटर लागतातच. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताला दोन सेंटिमीटर म्हणजे काय, ते घरात मूल असेल तर त्याचा पंजा आपल्या पंजाला लावून बघा. सरांचा निळा आकडा हे दोन सेंटिमीटर वाचवण्यासाठी आहे.

आता कबुली. (हा भाग मला लिहायचा नव्हता, पण त्याशिवाय बाकीच्या लेखाला अर्थ नाही.)

दोन वर्षांपूर्वी मीही टेक्स्ट बॉक्सवालाच होतो. सरांना म्हटलं, मी तुमची पानं कंप्युटरवर छापून देतो. एक प्रोग्रॅम घेतला, नाव सांगत नाही कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. सूर टाकले, आणि बोटांसाठी मोकळ्या टेक्स्टचे आकडे लिहून माऊसने एकेक जागेवर नेऊन ठेवले. दोन रविवार गेले. छापील पान इतकं सुंदर दिसलं की मी खाली कोपऱ्यात स्वतःचं नावसुद्धा टाकलं.

मग क्लासातल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी एक मोठ्या अक्षरातली प्रत काढायची होती. मी पाच रेघांचा आकार वाढवला. सूर सरकले, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या. आकड्यांपैकी बरेचसे बरोबर आले. तीन आले नाहीत. ते पानाला चिकटलेले होते, सुराला नाही. तिन्ही शेजारच्या सुरावर जाऊन बसले, आणि बसले तेही अगदी ऐटीत, जणू तिथलेच!

ती मुलगी शहाणी. कागदावर ४ लिहिलंय तर ४ लावायचं. तीन आठवडे तिने ते वाजवलं. एक दिवस तिची आई सरांना म्हणाली, हिचं मनगट दुखतंय. सरांनी तिला वाजवायला लावलं, बघितलं, कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

कोपऱ्यात माझं नाव होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "नोट चुकली तर कानाला कळतं रे. बोट चुकलं तर कानाला कळत नाही." वार्षिक कार्यक्रमात त्या मुलीने तो तुकडा वाजवला नाही, दुसरा सोपा वाजवला. आजही क्लासात भेटली की ती मला विचारते, "काका, हे आकडे बघितलेत ना नीट?"

तर मंडळी, दोन मिनिटांचं काम हे असं असतं.

नेमकं काय चुकलं? आपल्यापैकी प्रत्येकाने हे ऑफिसात बघितलंय. एक्सेलमध्ये कुणीतरी लाल रंग देऊन ठेवतो, 'लाल म्हणजे पेमेंट बाकी'. मग कुणीतरी शीट सॉर्ट करतो, कॉपी करतो, सीएसव्हीत टाकतो, आणि लाल रंग गेला. पेमेंटची माहिती गेली. त्यावर आपण क्लायंटला हसतो, "रंग म्हणजे डेटा नव्हे" असं त्याला ऐकवतो. आणि घरी येऊन स्वतः तेच करतो! सुरावर ओढून ठेवलेला आकडा हे आकड्याचं चित्र आहे. प्रोग्रॅमला त्यातलं काहीही माहीत नाही. कुठल्या सुराचं, कुठलं बोट, कुठली तार, काहीच नाही.

म्हणून मी लिलीपाँडकडे वळलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा मोफत आणि खुला प्रोग्रॅम आहे, १९९६ साली हॉलंडमधल्या दोघांनी सुरू केला, आता जीएनयू प्रकल्पाचा भाग आहे. यात माऊस नाही. सूर अक्षरांनी टाईप करायचे, फाईल चालवायची, पीडीएफ मिळते. सुराच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि आकडा लिहिला की झालं बोट. ते त्या सुराचं होतं. सूर कुठेही जावो, बोट बरोबर जातं. आकार बदला, पान बदला, काही फरक पडत नाही.

खरी मजा पुढे आहे. लिलीपाँडच्या आत स्कीम ही भाषा बसवलेली आहे. (लिस्पच्या घराण्यातली, १९७५ ची. कंस तिथून आले.) त्यात स्वतःची फंक्शन्स लिहिता येतात. मी लिहिलेल्या फंक्शनचं नाव 'बोट'. रोमन लिपीत ते 'बॉट'सारखं दिसतं आणि हल्लीच्या दिवसांत त्यावरून भलतेच गैरसमज होतात, पण असू दे.

'बोट'ला मी चार गोष्टी देतो: मोठ्या हाताचं बोट, लहान हाताचं बोट, तार आणि सरांचा शेरा. फंक्शन त्यातून आकडे तयार करतं आणि प्रत्येकावर टॅग लावतं. मग एकाच फाईलमधून तीन प्रती निघतात. मोठ्यांची, लहानांची, आणि सरांची स्वतःची, ज्यात तिन्ही रंग असतात. सरांनी एखादं बोट बदललं तर मी एका जागी बदलतो, तिन्ही प्रती बदलतात. झेरॉक्सने जे करडं केलं होतं ते परत काळं-निळं-लाल झालं. फंक्शनची लांबी? ४० ओळी.

सरळ जमलं असं मुळीच नाही. पहिल्यांदा मी म्युझिक-फंक्शन लिहिलं आणि ते सुराच्या मागे लावायला गेलो, तर एररचा पाऊस. दोन शनिवारांनंतर कळलं की सुराच्या मागे चिकटणाऱ्या गोष्टींसाठी इव्हेंट-फंक्शन असा वेगळा प्रकार आहे. मग कुणाच्या तरी जुन्या उदाहरणावरून उचललेल्या कोडमध्ये प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी पार्सर आणि लोकेशन अशी दोन अर्ग्युमेंट्स. ती २.१८ च्या काळातली पद्धत. २०२० साली आलेल्या २.२० पासून ती लागत नाहीत. यात एक रविवार. आणि २.२४ मध्ये बोट घसरवायची रेघ, म्हणजे ग्लाईड, आयतीच मिळते हे कळेपर्यंत मी ती रेघ हाताने काढायचं अर्धं फंक्शन लिहून बसलो होतो! मॅन्युअल आधी वाचावं, हा उपदेश मी ज्युनिअर मुलांना रोज करतो.

पण हे सगळं केल्यावर जे मिळालं ते माऊसवाल्याला जन्मात मिळणार नाही. आकडा हा डेटा झाला की त्याच्यावर हिशोब करता येतो. तार आणि सूर माहीत असला की फ्रेट निघतो. फ्रेट आणि बोट माहीत असलं की हाताची पोझिशन निघते: फ्रेटमधून बोट वजा करा आणि एक मिळवा. सातव्या फ्रेटवर तिसरं बोट, म्हणजे हात पाचव्या पोझिशनला. आता ओळीने पोझिशन्स लिहून काढा. २, २, २, ७, २ असं काही आलं आणि मध्ये मोकळी तार नसेल, तर एकतर सरांच्या मनात काही खास आहे, नाहीतर माझी टायपिंगची चूक आहे. मी तसं तपासणारं दुसरं फंक्शन लिहिलं. माझ्या जुन्या फाईलमधले ते तीन आकडे मी मुद्दाम त्याला खायला घातले. तिन्ही पकडले. त्या मुलीच्या हातात कागद जायच्या आधी हे पाच सेकंदांत कळलं असतं.

ताररेगाचा 'लाग्रिमा' घ्या. गिटार शिकणारा प्रत्येकजण कधीतरी वाजवतो. पहिल्याच बारमध्ये चौथ्या तारेवर हात २, ४, ६ असा चढतो आणि पहिल्या तारेवर ४, ५, ७ असा. म्हणजे सुरुवातीला दोन बोटांमध्ये दोन फ्रेटचं अंतर, आणि पुढे दोन्ही वेळा एकाच फ्रेटचं. आता चौथ्या तारेवर एकच बोट ठेवून ते घसरवत न्यायचं की प्रत्येक ठिकाणी नवं बोट टाकायचं? घसरवलं तर हाताला रुळावरून गेल्यासारखा आधार मिळतो. सर म्हणतात घसरव. हे 'घसरव' म्हणजे नुसता आकडा नाही, दोन आकड्यांमधलं नातं आहे. टेक्स्ट बॉक्समध्ये नातं कसं लिहाल? 'बोट'च्या शेऱ्यात ते लिहिता येतं, आणि मोठ्या प्रतीत, छोट्या प्रतीत, दोन्हीकडे रेघ बरोबर येते.

आता आक्षेप. मला हे सगळे तोंडपाठ झालेत.

एक: "संगीतवाल्या माणसाने कोड का लिहावा?" लिहू नये! सर पेन्सिलीनेच लिहितात आणि त्यांनी पेन्सिलीनेच लिहावं. कोड मी लिहावा. त्यासाठीच तर मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. आपण आयटीवाले शनिवार-रविवारी आणखी एक टू-डू ॲप लिहितो, आणखी एक खर्चाचा हिशोब ठेवणारं ॲप लिहितो, जे आपण स्वतः पंधरा दिवसांत वापरायचं सोडतो. आणि शेजारच्या गल्लीत कुणाची तरी चाळीस वर्षं पिवळ्या कागदावर पुसट होत असतात.

दोन: "लिलीपाँड अवघड आहे, आम्ही माऊसवालंच वापरणार." जरूर वापरा. माझं भांडण माऊसशी नाही. म्यूझस्कोअरमध्ये फिंगरिंगचं वेगळं एलिमेंट आहे, ते सुराला चिकटतं, आणि प्लगइन लिहायची सोयही आहे. म्युझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फॉरमॅटमध्ये फिंगरिंगला स्वतःची जागा आहे, आणि 'हे पर्यायी बोट आहे' असं सांगणारं ॲट्रिब्यूटही आहे. म्हणजे ज्यांनी हे फॉरमॅट बनवलं त्यांना सरांची निळी पेन्सिल माहीत होती! तरीही लोक त्या सोयीला वळसा घालून साधं टेक्स्ट टाकतात, कारण ते 'दिसायला सेमच दिसतं'. माझा राग या 'सेमच दिसतं'वर आहे.

तीन: "महागडं सॉफ्टवेअर घेतलं की सगळं आत असतं." फिनाले १९८८ पासून होतं. आयुष्यभराचं काम त्यात ठेवलेले संगीतकार जगभर आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या फाईलींत माहिती नीट नोंदलेली होती ते निदान म्युझिकएक्सएमएल काढून दुसरीकडे जाऊ शकतात. ज्यांनी आकडे मोकळ्या टेक्स्टने ठेवले होते त्यांच्या हाती दुसरीकडे गेल्यावर काय उरतं? कुठल्या सुराचे ते माहीत नसलेले शब्द. माझी फाईल साधी टेक्स्ट फाईल आहे. उद्या लिलीपाँड बंद पडला तरी ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येईल.

चार, आणि हा हल्लीचा लाडका: "हे आता एआय करेल." बोटं आपोआप काढायची कल्पना नवी नाही. तारवाद्यांसाठी सर्वांत कमी श्रमाचा रस्ता शोधायची पद्धत सायेग यांनी १९८९ साली मांडली. पियानोसाठी पार्नकट आणि मंडळींनी १९९७ साली बोटांच्या ताणाचं मॉडेल दिलं. चांगली कामं आहेत, मी वाचली आहेत आणि त्यातलं गणित मला आवडतं. पण श्रम कुणाच्या हाताचे? नऊ वर्षांच्या की चाळीस वर्षांच्या? आणि सर कधीकधी मुद्दाम अवघड बोट देतात, कारण त्या तारेवर तो सूर जाड, मऊ लागतो. कुठे मुद्दाम अवघड घेतलंय हे माहीत असणारा माणूस समोर खुर्चीत बसलेला असताना त्याला न विचारता मशीनला विचारायचं, यात प्रगती कुठली? उद्या मशीन शिकेलही. पण ते शिकणार कशावरून? कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या बोटांवरूनच ना? तिथेही टेक्स्ट बॉक्सवाल्यांचा उपयोग शून्य.

पाच: "आपल्या संगीतात असलं काही लागत नाही." हा आक्षेप माझ्या काकांचा, ते पेटी वाजवतात. भातखंड्यांच्या लिपीत स्वर आहे, ताल आहे, मींड आहे, बोट नाही. बोट गुरूच्या हाताकडे बघून शिकायचं. काकांना मी विचारलं, तुमच्या गुरुजींची बोटं कशी पडत होती, आठवतं? ते दोन मिनिटं हवेत बोटं हलवत बसले, मग म्हणाले, "हाताला आठवतं, मला सांगता येत नाही." मी वाद घातला नाही.

आता माझ्या विरोधातली एक गोष्ट, प्रामाणिकपणे. सरांच्या पानांवर काही सूर कोरे आहेत. सुरुवातीला माझं तपासणारं फंक्शन तिथे ओरडायचं, "बोट दिलेलं नाही." मी सरांकडे यादी घेऊन गेलो, ३१ सूर. सरांनी यादी बघितली आणि त्यातल्या नऊ सुरांची बोटं सांगितली, बाकीच्यांवर हात फिरवला. "हे असेच ठेव. इथे मुलाने स्वतः शोधायचं." द्यब्यूसीने १९१५ च्या पियानो एट्यूड्समध्ये मुद्दाम बोटं दिली नव्हती आणि प्रस्तावनेत तसं सांगितलंही होतं, ते मला तेव्हा आठवलं.

आपल्याला नल आणि रिकामी स्ट्रिंग यातला फरक कळतो म्हणे! मी दोन्ही एकच धरले होते. सांगायचं राहून गेलं, आणि मुद्दाम सांगितलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. मग 'बोट'मध्ये पाचवी सोय आली: 'मोकळं'. छापताना काही दिसत नाही, पण फाईलमध्ये नोंद असते की इथे सरांनी जाणूनबुजून काही लिहिलेलं नाही. टेक्स्ट बॉक्समध्ये न लिहिलेला आकडा कसा लिहाल, सांगा बघू.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. शिकवणाऱ्यांनी आपले आकडे ज्याला हे जमतं अशा कुणाला तरी द्यावेत, नुसती झेरॉक्स काढू नये. नोटेशनची पानं बनवणाऱ्यांनी बोट लिहायला बोटाचीच सोय वापरावी, मग प्रोग्रॅम कुठलाही असो. आणि ज्यांना फंक्शन लिहिता येतं त्यांनी "एवढंच ना?" हा प्रश्न निदान दुसऱ्याच्या कामाबद्दल विचारू नये. आपल्या कामाबद्दल मॅनेजरने विचारला की आपल्याला किती झोंबतो!

१४० पैकी ८६ पानं झाली आहेत. सरांना लाल पेन्सिलीचे आकडे आता स्वतःलाच नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे वेळ लागतो. ते डोळे मिटून डावा हात मांडीवर ठेवतात, बोटं जितकी वाकतात तितकी वाकवून बघतात, आणि मग आकडा सांगतात. कधी म्हणतात, "आता हेच बरोबर वाटतंय, लाल पुसून काळं कर." मी एक शब्द बदलतो.

आज दुपारी चार वाजता परत जायचंय. असो.

ता. क.: त्या मित्राला मी हे सगळं शुक्रवारीच ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. पण ४० ओळींना युनिट टेस्ट लिहिल्यास का?" नव्हत्या लिहिल्या. काल रात्री लिहिल्या. त्या मुलीचे ते तीन सूर पहिल्या टेस्टमध्ये आहेत. :-)